आई कुटुंबात येते का?

१ नोव्हेंबर २०२१, सोमवार. सकाळी टीव्हीवर सिडनी विमानतळ दाखवत होते. परदेशातून आलेली माणसं चौदा दिवसांच्या हॉटेल क्वारंटाइनला न जाता थेट आपल्या माणसांच्या मिठीत शिरत होती. मी ऑस्ट्रेलियात, आई भारतात. मांडीवर नऊ महिन्यांची लेक होती आणि मी घळाघळा रडत होते. माझं रडणं मात्र त्या मिठ्यांसाठी नव्हतं. त्या दिवसापासून नियमांच्या भाषेत माझी आई माझ्या कुटुंबात आली होती.

ज्यांनी हे भोगलं नाही त्यांना खरं वाटणार नाही. करोनामुळे ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० ला सीमा बंद केल्या. नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय यांना सूट होती. या ‘जवळच्या कुटुंबीयां’त नवरा-बायको होते, अवलंबून असलेली मुलं होती, अल्पवयीन मुलांचे पालक होते. माझ्यासारख्या पस्तिशीतल्या बाईचे आईवडील नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मी बाळंत झाले तेव्हा आईकडे व्हिसा होता, बॅग भरलेली होती आणि यायला वाट नव्हती. पहिली अंघोळ कशी घालायची, हे तिने मला व्हिडिओ कॉलवर शिकवलं. नवऱ्याने फोन धरला होता. पाण्यात हात घालून मी आईला विचारत होते, “एवढं गरम चालेल का गं?” आणि तिला ते पाणी बघून सांगावं लागत होतं.

मग मे महिना आला. भारतात दुसरी लाट होती. ३ मे पासून १५ मे पर्यंत, आधीच्या चौदा दिवसांत भारतात राहिलेल्या ऑस्ट्रेलियन नागरिकांनाही परतायला बंदी झाली. मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद. मी ते वाचून आईला फोन केला, तर तीच मला म्हणाली, “तू इकडे यायचं मनातसुद्धा आणू नकोस.” तिच्या गल्लीत त्या आठवड्यात काय चाललं होतं, ते तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं.

नियम कडक असण्याला माझा विरोध नव्हता, आजही नाही. लस नव्हती तेव्हा बंद सीमेमुळे इथे जीव वाचले, माझ्या पोटातलं बाळही त्यात आलं. मला बोचत होती ती व्याख्या. किती माणसं आत घ्यायची हा साथीचा प्रश्न झाला. पण कोण कोणाचं जवळचं, हे रोगाने ठरवलेलं नव्हतं.

१५ ऑक्टोबरला, शुक्रवारी, तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी जाहीर केलं की १ नोव्हेंबरपासून आईवडीलही जवळचे कुटुंबीय धरले जातील. व्याख्येत एका शब्दाची भर पडली. तो शब्द पडायला दीड वर्षाहून जास्त काळ लागला.

आनंद पुरता ओसरायच्या आत दुसरी धास्ती. आईने कोवॅक्सिन घेतली होती. कोविशिल्डला इथे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच मान्यता मिळाली होती, कोवॅक्सिनला नव्हती. जवळच्या केंद्रावर जी लस आली ती तिने मुकाट्याने घेतली, आणि आता त्याच दोन डोसांवर सगळं अडणार होतं. कोवॅक्सिनची मान्यताही आली ती नेमकी १ नोव्हेंबरलाच. म्हणून रडत होते मी टीव्हीसमोर.

आता कागद. ती माझी आई आहे हे सिद्ध करायचं होतं. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नाही. बारशाच्या आधी नोंद झाली, नावाचा रकाना कोरा राहिला आणि पुढे कोणी तो भरला नाही. दाखला मराठीत, त्याचं अधिकृत भाषांतर करून घेतलं, तर भाषांतरातही तो रकाना तसाच कोरा. शेवटी माझा भारतीय पासपोर्ट कामी आला. त्याच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं होतं. इतकी वर्षं ते पान मी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडला, आईचं पासपोर्ट नंबर घातलेलं कोविनचं लसीचं प्रमाणपत्र जोडलं, आणि परवानगी आली.

मध्येच करोनाचा नवा प्रकार, ओमिक्रॉन आला. नोव्हेंबरअखेर न्यू साउथ वेल्सने, म्हणजे सिडनी ज्यात येतं त्या राज्याने, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ७२ तास विलगीकरण लावलं. आई डिसेंबरच्या मध्याला पोचली, ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट पर्समध्ये घेऊन. तीन दिवस ती पुढच्या खोलीत काचेच्या दाराआड, मास्क लावून बसली. लेक रांगत जाऊन दारावर थापा मारायची. आई आतून काचेला तळवा लावायची. मी म्हटलं, मास्क तरी काढ, मध्ये काच आहे. नाही काढला. फोनवर दहा महिने मास्कशिवाय पाहिलेली आजी चौथ्या दिवशी दार उघडून बाहेर आली, मास्क काढला, आणि लेकीने भोकाड पसरलं. आईने तिला उचललं नाही. शेजारी जमिनीवर बसून राहिली, पाऊण तास. मग लेकच तिच्या पदराशी गेली.

पुढे सगळं भराभर सैल झालं. २१ फेब्रुवारी २०२२ ला पर्यटकही येऊ लागले. पर्थच्या मैत्रिणीला मात्र ३ मार्चपर्यंत थांबावं लागलं, कारण त्यांच्या राज्याने दार सगळ्यात शेवटी उघडलं. एप्रिलमध्ये निघण्याआधीची चाचणी गेली, ६ जुलैपासून लसीचा पुरावाही कोणी मागेना.

२०२३ मध्ये आई दुसऱ्यांदा आली. तिच्या हातातल्या बॅगेत तीच निळी फाईल होती: कोरा रकाना असलेला दाखला, त्याचं भाषांतर, लसीचं प्रमाणपत्र, माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानाची प्रत. मी म्हटलं, “आई, आता हे लागत नाही गं.” ती म्हणाली, “असू दे.” परत जाताना फाईल तिने बरोबर नेली.