दहा टक्के मोकळी जागा

बावीस वर्षं झाली, पुण्यात एका आर्किटेक्टकडे ले-आउट काढतोय. खरं सांगतो, यातली बरीच वर्षं मोकळी जागा मी सगळ्यात शेवटी काढायचो. आधी रस्ते, मग प्लॉट, आणि तिकोनी, उताराचं जे काही उरेल त्यावर 'ओपन स्पेस' लिहून मोकळा. चार हजार चौरस मीटरच्या पुढच्या जमिनीला दहा टक्के सोडावेच लागतात. आकडा जुळला की फाईल पुढे. जागा बघायला जायचो मे महिन्यात. तेव्हा ओढा म्हणजे बाभळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या. कॉम्प्युटरवर त्याची वळणं सरळ करायला दोन मिनिटं पुरतात. मी केलीत.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा कात्रजकडून फुगून आला. माणसं गेली. सकाळी मेव्हण्याकडे सहकारनगरला गेलो, दिवसभर खराट्याने चिखल ओढला. त्याची स्कूटर दुसऱ्याच्या कंपाउंडमध्ये सापडली. तेव्हापासून सरळ रेघ काढताना हात अडखळतो.

गेल्या वर्षी मुळशीकडचं पाच एकरांचं काम आलं. गटाच्या नकाशात ओढ्याला मस्त वळण, जागेतून साधारण ११० मीटर. पाच एकरांचे दहा टक्के म्हणजे दोन हजार चौरस मीटरच्या थोडे वर. म्हटलं, सगळे एकाच काठाला सलग टाकू. अठरा मीटरचा पट्टा निघतो! पाणी चढलं तर गवतावर चढेल, कुणाच्या पार्किंगमध्ये नाही. शिवाय मुरमात थोडं जिरेल. खाली काळा पाषाण, त्यात बोअरला पाणी लागायचं ते फटींतूनच. आणि प्लॉटचं क्षेत्र एक फूटही कमी होत नाही, दहा टक्के तर सोडायचेच होते.

मालकांना हिशेब पटला. अडलं भलतीकडेच. रस्ता ओढ्याबरोबर वळला, तसे दोन प्लॉट वाकडे झाले.

मालक म्हणाले, "अहो दादा, कोपरा कापलेला प्लॉट वास्तूत बसत नाही. गिऱ्हाईक हातसुद्धा लावणार नाही."

पुरावर माझ्याकडे उत्तर होतं, ईशान्य कोपऱ्यावर नव्हतं. शेवटी एक प्लॉट शेजारच्यात जोडून चौकोनी केला. दुसरा, चौदा नंबरचा, राहिला तसाच.

बाकीचे सगळे गेले. चौदा नंबर अजून पडून आहे, आणि मालकांचा दर महिन्याला मला फोन येतो.