खो-खोत पळतंय कोण?

"मॅडम, खेळाचा तास तर रोजच घ्यायलोत की," म्हणत सरांनी वेळापत्रक पुढं केलं. होतंही तसंच. पाचवी तासिका, शारीरिक शिक्षण, लाल पेनानं. केज तालुक्यातली दोन शिक्षकांची शाळा, पहिली ते चौथी, पट ४१. मी साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षण खात्याकडून शाळा-शाळांत फिरणारी. तपासणीला नाही, मदतीला आलेय, हे पटवण्यातच माझा पहिला चहा संपतो.

मैदानावर खो-खो चालू होता. मी लिंबाखाली बसून तिसरीतल्या एकाच पोरीवर नजर ठेवली, निळ्या रिबनवाली. ती पळाली की मोबाइलचं घड्याळ चालू, थांबली की बंद. ३५ मिनिटांच्या तासिकेत पळाली ३ मिनिटं ४० सेकंद. बाकी वेळ उकिडवी बसून 'खो'ची वाट बघणं, नाहीतर बाद होऊन रेघेबाहेर बोरं खाणं.

खो-खोला मी नावं ठेवणार नाही. आपल्या धाराशिवच्या सारिका काळेला याच खेळानं २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवून दिला. पण पाठलागवाल्या ९ जणांतले ८ बसलेले असतात. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या लेकरांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी चांगला दम लागला पाहिजे. सगळा शाळेतच लागावा असं नाही, पण ३ मिनिटं ४० सेकंद?

"टाइम कुठंय मॅडम, चाचण्या हायेत, पोर्टलवर रोज माहिती भरायची हाय," सर म्हणाले. खरंय. म्हणून नवी तासिका मागितलीच नाही. परिपाठ संपला की लेकरं उभीच असतात, तिथंच ५ मिनिटं लंगडी. पाढे बसून म्हणायचे ते उड्या मारत. दुसऱ्या तासिकेनंतर लिंबाला हात लावून परत. खेळाच्या तासाला विष-अमृत: विष लागलं तर थांबायचं, गड्यानं अमृत दिलं की पुन्हा सुटायचं. कायमचं बाद कुणीच नाही. शिवाय दिवाळीनंतर उसतोडीला टोळ्या गेल्या की पट निम्म्यावर येतो, खो-खोचे दोन संघ जेमतेम भरतात. याला किती का असेनात, चालतात.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. वही अपुरी त्याचा खेळ बंद, असा सरांचा नियम. वर्गात सगळ्यात जास्त चुळबुळ करणारं पोरगंच मग व्हरांड्यात बसतं, आणि पुढच्या तासाला आणखी चुळबुळ करतं. सर हो म्हणाले नाहीत. बघू म्हणाले.

बाकी तडजोडी जमिनीनं करायला लावल्या. पावसाळ्यात काळी माती चपलेला शेर-शेर चिकटते, तेव्हा व्हरांड्यात जागेवरच्या उड्या. मार्चात सकाळची शाळा लागली की खेळ पहिल्याच तासाला, दहानंतर ऊन चावतं.

जानेवारीत परत गेले. निळी रिबन आईबापाबरोबर कारखान्याकडं गेलेली. दुसऱ्या एका पोरावर घड्याळ लावलं, १६ मिनिटं निघाली. सरांना दाखवलं. ते स्वतःच विष होऊन पळालेले, घामाघूम. आकडा बघून खुलले, मग एकदम आवाज खाली आणला.

"मॅडम, हे वर कळवू नका. उद्या याचाबी रकाना येईल पोर्टलवर."