उपयोग सांगण्याची घाई

“पण याचा उपयोग काय?” एका तरुण संशोधिकेने जिवाणूंच्या जनुकांवरचे आपले काम आज मांडून संपवले आणि श्रोत्यांतून पहिला प्रश्न आला तो हाच. तिने क्षणभर हातातल्या कागदांकडे पाहिले आणि घाईघाईने एका संभाव्य औषधाचा उल्लेख केला. तोवरच्या तिच्या मांडणीत त्या औषधाचा मागमूसही नव्हता, आणि नेमके हेच मला दिवसभर टोचत राहिले.

स्पेनमधील आलिकांते विद्यापीठात पीएचडी करताना फ्रान्सिस्को मोहिका यांना मिठागरात वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवाच्या डीएनएमध्ये सुमारे ३० अक्षरांचा एकच क्रम ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा आलेला दिसला. १९९३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले, तेव्हा त्या क्रमाचे काम काय हे कोणालाच सांगता येत नव्हते. तरीही त्यांनी तो विषय सोडला नाही. पुन्हापुन्हा येणाऱ्या त्या क्रमांच्या मधले तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात, म्हणजे ही सूक्ष्मजीवांची रोगप्रतिकारक व्यवस्था असावी, हा त्यांचा निष्कर्ष अनेक नियतकालिकांच्या नकारानंतर २००५ मध्ये छापून आला. याच व्यवस्थेतून क्रिस्पर-कॅस९ हे जनुक-संपादनाचे साधन घडले आणि त्यासाठी २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल एमान्युएल शार्पाँतिए आणि जेनिफर डाउडना यांना मिळाले.

मोहिकांना १९९३ मध्येच कोणी उपयोग विचारला असता, तर प्रामाणिक उत्तर “माहीत नाही” एवढेच असते, आणि मला ते उत्तर पुरेसे वाटते. पण दोन-तीन वर्षांच्या करारावर काम करणाऱ्या संशोधकाने बारा वर्षांचे कोडे हाती घ्यायचे तरी कोणाच्या भरवशावर?