बर्फ न पडणाऱ्या गावात बर्फाचा दिवस: पंचगंगा घाट, गुऱ्हाळ आणि पन्हाळा

बर्फाशी खेळायचं तर हिमालयातच जायला हवं, असं पोरांना वाटतं. आमचं मत वेगळं आहे. उणे दहा अंशांत बर्फ नुसता पडून राहतो. वितळत नाही, ओला होत नाही, मुठीत दाबला तर नीट गोळाही होत नाही. कोल्हापुरात जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांवर असतो आणि दुपारी तिशीच्या आसपास जातो. इथला बर्फ सतत शून्य अंशावर, वितळायच्या उंबरठ्यावर असतो, त्यामुळं त्याचं जे काही व्हायचं ते तासाभरात डोळ्यांसमोर होतं. शहरापासून पन्हाळा वीसेक किलोमीटर. ते अंतर आम्ही मुलांना घेऊन, जागोजागी थांबत, दिवसभरात केलं.

सामान असं: थर्मोकोलच्या डब्यात ५ किलो बर्फाची लादी, १ किलो जाडं मीठ, स्वयंपाकाचा वजनकाटा, २०० अंशांपर्यंत मोजणारा सळईचा डिजिटल थर्मामीटर, कढई, तवा, पातळ पत्र्याचा स्टीलचा डबा, ०.४ मिलिमीटर जाडीची तार, २ लिटरच्या दोन बाटल्या, लोकरी हातमोजे आणि त्यावर घालायला रबरी. लादी कारखान्यातून आणली असेल तर तो बर्फ फक्त प्रयोगासाठी, तोंडात घालायचा नाही, हे मुलांना निघण्यापूर्वीच बजावून ठेवा.

सकाळी साडेसहाला पंचगंगा घाटावर. नदीवर धुक्याचा पातळ थर हलत असतो आणि दीपमाळांचे बुंधे त्यात बुडालेले दिसतात. थर्मामीटर आधी हवेत धरा, मग पाण्यात. पाणी हवेपेक्षा काही अंशांनी गरम निघतं. नदी रात्रभरात हवेइतकी निवत नाही. कोमट पाण्यावरची दमट हवा वरच्या गार हवेत मिसळली की वाफेचे बारीक थेंब होतात, तेच हे धुकं. वारा सुटला की थर विस्कटतो, म्हणून निवांत, निरभ्र पहाट निवडावी. हवेचं तापमान घेताना सळईचं टोक बोटांत धरू नका आणि गाडीच्या बॉनेटजवळ उभे राहू नका. छातीच्या उंचीवर, सावलीत, पाच मिनिटं थांबून आकडा वाचा. हाच आकडा पुढं पन्हाळ्यावर पुन्हा घ्यायचा आहे.

शिवाजी पूल ओलांडून वडणगे-केर्लीच्या बाजूला वळलं की उसाच्या मळ्यांतून गुऱ्हाळाची धुराडी दिसू लागतात. पूर्वीच्या मानानं कमी उरली आहेत, पण हंगामात थांबायला जागा मिळते. आधी गुळव्याला विचारा, मगच आत जा. मुलांना काहिलीपासून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपासून, चार हात लांब ठेवा, उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून भाजतो.

इथं एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. ताज्या रसात साखर साधारण पाचवा हिस्सा असते आणि तो जवळपास पाण्यासारखाच उकळतो, फार तर अर्धा अंश वर. मळी काढत, आटवत नेलं की थर्मामीटर सरकू लागतो: काकवीला १०५ ते १०७, गुळाला ११६ ते ११८. प्रयोगशाळेतला ११० अंशांचा काचेचा थर्मामीटर इथं फुटतो, म्हणूनच २०० चा आणायचा. सळई काहिलीच्या तळाला टेकली तर आकडा खोटा येतो, पाकाच्या मधोमध धरायला लावा. गुळव्याला मात्र या कशाची गरज नसते. "मामा, उतरवायची वेळ कशी कळते?" असं पोरांनी विचारलं, तर त्यांनी पळीभर पाक गार पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी वळला आणि म्हणाले, "गोळी झाली की झालं बघा." त्याच क्षणी थर्मामीटरवर ११७ होते.

पाण्यात साखर विरघळली की पाण्याच्या रेणूंना वाफ होऊन निसटणं अवघड जातं. तसंच त्यांना बर्फ होऊन रचून बसणंही अवघड जातं. म्हणून उकळायचा अंश वर सरकतो आणि गोठायचा खाली. काहिलीत जे वरच्या अंगाला दिसतं तेच आता बर्फाच्या डब्यात खालच्या अंगाला दिसणार आहे. त्यासाठी इथूनच अर्धा लिटर कच्चा रस आणि पिशवीभर कोरडं चिपाड (रस काढलेला उसाचा चोथा) मागून घ्या.

वाघबिळाचा घाट चढून पन्हाळ्यावर आलं की शहरापेक्षा साधारण चारशे मीटर वर असता. पाणी इथं एक-सव्वा अंश आधीच उकळतं. सकाळी लवकर आलात तर सज्जा कोठीवरून खालच्या खोऱ्यात धुकं तुंबलेलं दिसतं, आणि कधी कधी गडावरची हवा घाटावरच्या आकड्यापेक्षा गरम भरते. रात्री गार, जड हवा उतारावरून खाली ओघळते, त्यामुळं खोरं गारठतं आणि माथा उबदार राहतो. ऊन चढलं की हा उलटा क्रम संपतो. तटबंदी आणि वास्तू संरक्षित आहेत, त्यांच्यावर काही मांडू नका. राहत्या हॉटेलच्या अंगणात, विचारून, मोकळी फरशी मिळते.

पहिला खेळ झाकणाचा. लादीचे तीन सारख्या वजनाचे तुकडे करा, अर्धा किलोचे चालतील. एक उघडा, एक गोणपाटात, एक चिपाडात पुरलेला. गोणपाटानं बर्फ 'गरम होऊन' लवकर वितळेल, असं बहुतेक मुलं पैजेवर सांगतात. दर अर्ध्या तासानं पाणी निथळून वजन करा. उघडा तुकडा सगळ्यात आधी झिजतो. १ किलो बर्फ वितळायला लागणारी उष्णता तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवेल इतकी असते. ती बाहेरून यावी लागते, आणि चिपाडात अडकलेली हवा तिला अडवते. गफलत इथं होते: चिपाड भिजलं की हवेची जागा पाणी घेतं आणि झाकण कुचकामी ठरतं. खाली दोन विटा ठेवून पाणी वाहून जाऊ द्या.

दुसरा खेळ तारेचा. सावलीत दोन खुर्च्यांवर बर्फाची पाच सेंटिमीटर रुंद पट्टी आडवी ठेवा. तिच्यावरून तार टाकून दोन्ही टोकांना भरलेल्या बाटल्या लटकवा. तार बर्फातून खाली उतरत जाते आणि वर चीर पुन्हा सांधली जाते. नुसत्या दाबाचा हिशेब केला तर वितळायचा अंश जेमतेम ०.१५ नं खाली येतो. म्हणजे बर्फ शून्याला टेकलेलाच हवा. फ्रीजरमधून नुकता काढलेला उणे १८ चा बर्फ घेतलात तर तार अडून बसते. तारेतून बाहेरची उष्णताही आत जाते, म्हणून नायलॉनच्या दोरीनं हे काम फार सावकाश होतं.

दुपारी ऊन डोक्यावर आलं की भिंग. कोल्हापुरात जानेवारीच्या मध्याला सूर्य माथ्याशी येतो तो १२ वाजता नव्हे, १२:४० च्या सुमारास. त्या वेळी १ मीटरच्या काठीची सावली ७८ सेंटिमीटर पडते. लादीचा मधला भाग पांढरा असतो, कारण गोठताना हवा तिथं कोंडली जाते. कडेचा काचेसारखा भाग फोडून १२ सेंटिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर जाड चकती काढा. एक बाजू कोमट तव्यावर घासून सपाट करा, दुसरी गरम पाण्यात बुडवून काढलेल्या कढईत गोल फिरवा. कढई २४ सेंटिमीटर रुंद आणि ६ खोल असेल तर तिच्या गोलाईची त्रिज्या १५ सेंटिमीटर येते. बर्फाचं भिंग त्रिज्येच्या सव्वातीन पट अंतरावर किरण एकवटतं, म्हणजे ४८ सेंटिमीटरवर. तिथं काळा कागद फरशीवर धरा. चकती स्वच्छ असेल तर धूर निघतो. भिंगावर सतत पाण्याचा पातळ पडदा असतो आणि तोच त्याला पॉलिश करत राहतो, हा आपल्या सौम्य थंडीचाच फायदा. ठिपका फाकट दिसला तर आत तडा आहे, नवीन चकती घ्या. या दिवसांत गडावरचं गवत वाळलेलं असतं, तेव्हा हा प्रयोग दगडावरच, आणि शेजारी पाण्याची बादली हवीच.

शेवटी रस. झाकणाच्या डब्यात २०० मिली रस घालून तो आधी नुसत्या चुरलेल्या बर्फात ठेवा. कितीही वेळ ठेवा, रस गार होतो पण गोठत नाही, कारण त्याला उणे दीड अंश हवेत आणि वितळता बर्फ शून्याखाली जात नाही. आता १ किलो बर्फात ३०० ग्रॅम जाडं मीठ थर देत मिसळा. पारा उणे १० च्या खाली घसरतो. बर्फ आणि मीठ यांना जास्तीत जास्त उणे २१ पर्यंत जाता येतं, पण उघड्या बादलीत तेवढं जमत नाही. डबा सारखा फिरवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी कडेचा थर खरवडून आत ढकला. नाही खरवडलं तर बाहेर दगड आणि आत पाणी. बारीक मीठ घेतलं तर ते लगेच विरघळून तळाला बसतं, म्हणून जाडंच. साधारण पाव तासात घट्ट गोळ्यासारखा रस तयार होतो, वर लिंबू पिळा. डब्याच्या झाकणातून खारं पाणी आत गेलं तर सगळं वाया, तेव्हा पातळी झाकणाच्या दोन बोटं खाली ठेवा. मिठाच्या बर्फात उघडा हात घालू देऊ नका, काही सेकंदांत कातडी बधिर होते आणि इजा होते.

उरलेलं खारं पाणी झाडांच्या मुळाशी किंवा गवतावर ओतू नका, माती खराब होते. बादलीला झाकण लावून घरी आणा आणि गच्चीवर प्लास्टिकच्या पसरट ट्रेमध्ये दोन बोटं ओता. स्टीलच्या ताटाला मिठानं डाग पडतात. ट्रे उन्हात राहू द्या, हलवू नका. पाणी सावकाश उडालं तर तळाशी चौकोनी खडे जमतात, आणि तेच मीठ पुढच्या वेळी बर्फाला पुन्हा वापरता येतं.