तुम्ही विचारलंत म्हणून: काच का लावत नाही?

"एवढं डोळे फोडून काम करायचं आणि शेवटी रिबीन लावून टांगायचं? फ्रेम का नाही करून घेत?"

माझ्या फुलीच्या टाक्याच्या भरतकामाबद्दल हा प्रश्न मला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या प्रदर्शनात विचारतात, लग्नात रुखवताच्या टेबलापाशी विचारतात, आणि घरी आलेला पाहुणा चहा संपायच्या आत हमखास विचारतो. स्वर बहुतेक वेळा कीव केल्यासारखा असतो. काचेपुरते पैसे नसतील बिचारीकडे. एका काकूंनी तर ओळखीच्या फ्रेमवाल्याचा नंबर स्वतःहून चिठ्ठीवर लिहून दिला. मी "बघते हं" म्हणून विषय बदलते. आता एकदाच सगळं लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी हेच दाखवता येईल.

पैशाचं आधी. रिबीन स्वस्तात पडते हा गैरसमज आहे. रिबीन मीटरवर मिळते, खरंय, पण वेळ कोण मोजतो? भरून झालेला तुकडा आधी धुवायचा. थंड पाण्यात, कारण लाल दोरा कधी दगा देईल सांगता येत नाही. मग टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं, जाड टॉवेलवर उपडा घालून उलट बाजूनं इस्त्री करायची, म्हणजे फुल्या चेपत नाहीत. मागं इचलकरंजीचा मांजरपाट, तोही आधी धुतलेला, नाहीतर पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं, पॉलिएस्टरची रिबीन आटत नाही, आणि कडा लाटांसारख्या उठतात. सॅटिन दिसायला देखणी, पण सुईखाली घसरते. आडव्या रेघांची जाडसर रिबीन असते, ती शहाण्यासारखी जागेवर बसते. कोपऱ्यावर तिरकी घडी घालून जोडायची. कापलेली टोकं मेणबत्तीच्या ज्योतीजवळून क्षणभर फिरवायची, की सुटत नाहीत. जवळून, ज्योतीत नाही. वर रिबिनीचेच फासे, त्यात लाकडी दांडी. बो मी सहसा लावत नाही. लावला तर एकच, आणि दोऱ्यानं पक्का; दर दोन दिवसांनी बांधायला लागणारा बो मला बघवत नाही.

हे सगळं मला पूर्वीपासून पटत होतं असं समजू नका. सुरुवातीची माझी कामं सगळी काचेत आहेत. रिबीन म्हणजे प्रेझेंटच्या खोक्यावरची आणि शाळेतल्या वेण्यांमधली वस्तू, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणायची. इंचाला चौदा घरांचं, म्हणजे चौदा फुल्या बसणारं कापड, सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घेऊन भरलेलं मोरांचं जोडपं, आणि त्याला रिबीन? छे. ती तेव्हाची मी आजही अधूनमधून वाद घालायला येते, आणि तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नसतं. त्यावर येतेच.

आधी आईच्या सँपलरचं, म्हणजे टाके शिकताना भरलेल्या नमुन्याच्या कापडाचं सांगते. तो विषय टाळून या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

आईनं 1968 साली शाळेत शिवणाच्या तासाला दोसुतीवर फुलीच्या टाक्यात नमुना भरला होता. वर मुळाक्षरं, मध्ये तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना पोपट, आणि तळाला लाल दोऱ्यात तिचं माहेरचं पूर्ण नाव आणि साल. आजीकडच्या ट्रंकेत तो घडी करून पडलेला असायचा. आईच्या सत्तरीला दादानं तो गुपचूप नेला आणि फ्रेम करून आणला. कौतुकानंच आणला, त्यात वाद नाही. सोनेरी पट्टी, चकचकीत काच. आई खूश, आम्ही सगळे खूश. तळाचं नाव दिसत नाही हे माझ्या लक्षात आलं, पण फ्रेमच्या पट्टीखाली गेलं असेल असं धरून चाललो.

कोल्हापुरातला पावसाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको. मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर, जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो. काही पावसाळे गेल्यावर काचेच्या आत आधी धुरकट वाफ, मग मुळाक्षरांवर तपकिरी ठिपके. काच कापडाला थेट टेकलेली होती. मध्ये हवा खेळायला पोकळीच नव्हती. ओल आत गेली ती तिथंच कुजत बसली. मी फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, आणि पाहिलं तर कापड पुठ्ठ्यावर सरसकट गोंदानं चिकटवलेलं.

भिजवून सोडवावं तर जुना लाल दोरा रंग सोडणार. म्हणून पालथं घालून पुठ्ठ्याचे पापुद्रे ब्लेडनं एकेक काढत बसले. गोंद वाळून पिवळा, कडक झालेला, दोसुतीच्या घराघरांत घुसलेला. एका पोपटाची शेपटी पुठ्ठ्याबरोबरच आली. आणि सगळ्यात शेवटी तळाची कड मोकळी झाली तेव्हा कळलं की नाव पट्टीखाली गेलेलं नव्हतं. कापलेलं होतं. कात्री बरोबर शिरोरेखेखालून गेली होती. लाल फुल्यांची एक सरळ ओळ, मध्ये जिथं आडनाव सुरू होतं तिथं थोडी जागा सोडून पुन्हा ओळ, आणि तिच्याखाली काही नाही. आकड्यांना शिरोरेखा नसते, त्यामुळं साल तर पूर्णच गेलं होतं.

दादा त्या फ्रेमवाल्याला विचारून आला. "काचेच्या मापात बसत नव्हतं. कडेचं कापड जास्त होतं, ते काढलं," एवढंच उत्तर. रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. माणूस अगदी सहज बोलला. त्याच्या लेखी ती कडच होती.

आई म्हणाली, "असू दे की गं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता ते नाव कोण विचारतंय?" आणि मग चष्मा शोधून आणला, खिडकीपाशी कापड धरलं, आणि त्या लाल ओळीवरून नख फिरवत कुठलं अक्षर कुठं होतं ते मला सांगत बसली. घरात तिचं माहेरचं नाव दुसरीकडं कुठंही लिहिलेलं नाही. रेशनकार्डावर नाही, दारावर तर नाहीच.

आता त्या तुकड्याला दुमड घालायला कापडच उरलं नव्हतं. वरच्या आणि बाजूच्या कडांना शेवटच्या टाक्यापासून जेमतेम तीन घरं, तळाला तेवढंही नाही. हात लागला की सुटत होतं. फ्रेमवाल्याकडं परत न्यायचा प्रश्नच नव्हता. महाद्वार रोडवरून मरून रिबीन आणली. तीन बाजूंना ती मधोमध दुमडून कड तिच्या पोटात घातली आणि दोन्ही अंगांनी बारीक टाके घेतले. तळाला तसं केलं असतं तर ती लाल ओळ झाकली गेली असती. दादाचं म्हणणं, झाक. आईचंही म्हणणं, "नुसती रेघ कशाला ठेवतेस?" मी ऐकलं नाही. पाव इंची रिबीन कापडाच्या मागून घेतली, खाली डोकावेल अशी, आणि कापलेल्या कडेचा एकेक दोरा पकडून तिच्यावर शिवला. शिरोरेखा उघडीच आहे.

तेव्हापासून माझं हे रिबिनीचं प्रकरण सुरू झालं. रिबीन सुंदर दिसते म्हणून नाही. कडेला कड परत देता येते, आणि मागची बाजू उलटून बघता येते, म्हणून. बाई कशी भरते ते मागच्या बाजूवरून कळतं. आमच्या सीमेपलीकडची, कर्नाटकातली कसुती हे भरतकाम करणाऱ्या बायका तर दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून जीव टाकतात. त्यांचा 'मेंथी' टाका म्हणजे आपली फुलीच.

आणि कुणी "सँपलर काचेतच शोभतो" म्हणालं, तर माझ्याकडं एक उदाहरण तयार असतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिनं भरलेला सँपलर आहे. त्यावर तिचं नाव आहे, 1598 हे साल आहे, आणि ॲलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंद आहे. साल घातलेला इंग्लंडमधला सर्वांत जुना सँपलर तो. त्यानंतरच्या शतकात तिथल्या बायका लांबलचक पट्ट्यांवर नमुने भरायच्या आणि गुंडाळून ठेवायच्या. लागला की उलगडायचा, टाका बघायचा. भिंतीवर चित्रासारखे टांगायचे चौकोनी सँपलर रुळले ते पुढं अठराव्या शतकात.

इथं ती जुनी मी तोंड उघडते: बाई गं, म्हणजे काचेलाही दोन-अडीचशे वर्षं झालीच की. आणि जेनबाईंचं काम टिकलं कशानं, तुझ्यासारखं खिडकीत टांगून? ते कुणीतरी जपून ठेवलं म्हणून.

खरं आहे. माझ्या टांगलेल्या कामांवर धूळ बसते, पाल येऊन व्हायचं ते होतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळी उतरवून झटकावी लागतात. वहिनीकडं मी पूर्वी भरून दिलेले मोर अजून काचेत आहेत. ताराबाई पार्कात तिसरा मजला, कोरडी भिंत, आणि तिच्या फ्रेमवाल्यानं काच आणि कापडामध्ये पट्टी ठेवून अंतर राखलेलं. मोर कालच भरल्यासारखे दिसतात. आईच्या सँपलरची मरून रिबीन मात्र उन्हानं विटून एका बाजूनं गुलाबी पडली आहे.

त्यामुळं काच हवीच असेल तर माझी ना नाही. कापड चारी बाजूंनी तीन इंच जास्त सोडून देईन. ते मागं वळवून दोऱ्यानं ओढून बांधायचं, गोंदाचा थेंब लावायचा नाही, काच टेकू द्यायची नाही. आणि फ्रेमवाला कात्री हातात घेईल तेव्हा तुम्ही तिथं उभं राहायचं. एवढ्या अटी ऐकल्यावर बहुतेक जण "मग राहू दे रिबीनच" म्हणतात. ते पटून म्हणतात की कंटाळून, हे मला कळत नाही.

वहिनीचं आणि माझं यावर अजून चालूच असतं. मी म्हणते, विटली तर रिबीन बदलता येते. ती म्हणते, काचेत बदलायची वेळच येत नाही.