शेतातले पहिले कणीस

निराशेच्या दिवसांत ‘जरा डोंगरावर, समुद्रावर जाऊन ये, बरे वाटेल’ असे सांगणारी माणसे प्रेमानेच सांगत असतात आणि त्यांचे सांगणे खोटेही नसते. गोव्यासारख्या मुलखात तर घराबाहेर पाऊल टाकले की माड, पाणी आणि हिरवळ समोर उभी राहते आणि शिणलेल्या मनाला थोडा विसावा मिळतोच. पण विसावा आणि आशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आता मला वाटते. विसावा संध्याकाळपुरता असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दुःख पुन्हा उशाशी येऊन बसते. ख्रिस्ती माणूस सृष्टीकडे पाहतो तेव्हा त्याने याहून मोठे काही मागावे आणि ते मागण्याचा त्याला अधिकार आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

आईला पक्षाघात झाल्यापासून आमच्या फोंड्याच्या घरात हा प्रश्न रोजचा झाला. मूळचे आम्ही नगरकडचे. इथे मराठीतून उपासना करणारी आमची मंडळी लहानशी आहे आणि तीही नोकऱ्यांच्या निमित्ताने विखुरत चालली आहे. आईची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्यावर प्रार्थनेला शब्द सुचेनासे झाले. त्या काळात मी पवित्र शास्त्रातले जे उतारे पुन्हा पुन्हा वाचले, ते योगायोगाने झाडाझुडपांचे आणि पिकांचे होते.

त्यातला पहिला मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला. रानातील फुले कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी शलमोन राजादेखील आपल्या सर्व वैभवात त्यांच्यासारखा सजला नव्हता, असे प्रभू येशू म्हणतात. हे वचन बहुतेकांना पाठ असते. परंतु त्याच्या पुढच्याच ओळीत, हे गवत आज आहे आणि उद्या भट्टीत टाकले जाते, असे ते सांगतात, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. लाकूडफाट्याची टंचाई असलेल्या त्या देशात वाळलेले गवत खरोखरच चुलीत जात असे. लबानोनच्या उंच गंधसरू वृक्षाचे उदाहरण त्यांना घेता आले असते, पण त्यांनी उद्या जळणार असलेले गवत निवडले.

या निवडीचा अर्थ मला चोर्ला घाटाच्या बाजूच्या सड्यावर कळला. जांभ्या दगडाच्या त्या पठारावर मातीचा थर इतका पातळ असतो की एरवी तिथे काही उगवेल असे वाटत नाही. उन्हाळ्यात तो खडक तापतो, काळा पडतो, आणि त्यावर करड्या गवताच्या काड्यांखेरीज काही दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र त्याच खडकावर सीतेची आसवे निळ्या-जांभळ्या रंगाने पसरतात, गेंदाची पांढरी बोंडे डोलतात, कडेकडेने तेरडा फुलतो. सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही वनस्पती कीटकभक्षी आहेत, कारण त्या मातीत नत्र फारच कमी असते आणि जे जमिनीतून मिळत नाही ते त्यांना सूक्ष्म जीवांतून मिळवावे लागते. म्हणजे ही शोभा सुपीकतेतून आलेली नाही. ती अभावातून आलेली आहे आणि तिचे आयुष्य काही आठवड्यांचे आहे. एवढ्या अल्पायुषी, एवढ्या गरीब जागी देव असा पोशाख चढवत असेल, तर अर्धे अंग लुळे पडलेल्या आईला तो कमी मोलाची समजणार नाही, हे त्या वचनाचे सरळ सांगणे आहे, आणि ते मी मनापासून स्वीकारले.

तरी एवढ्याने भागत नाही, कारण सृष्टी जळतेही. मार्च २०२३ मध्ये सत्तरी तालुक्यातील म्हादई अभयारण्यात ठिकठिकाणी वणवे पेटले आणि ते विझवण्यासाठी नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती. तो ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ होता. तो ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारला जेमतेम दोन आठवडे झाले होते. पावसानंतर डोंगर हिरवे होतील, असे त्या वेळी अनेकांनी धीराने म्हटले. गवत तर उगवतेच. पण सदाहरित जंगलातल्या पातळ सालीच्या झाडांना आगीची सवय नसते आणि जे मोठे झाड मुळापासून जळाले ते पुढच्या जूनमध्ये परत येत नाही. ऋतुचक्रावर आपली सारी आशा टांगणाऱ्याला इथे उत्तर मिळत नाही.

पवित्र शास्त्रातल्या, सारे काही गमावून बसलेल्या ईयोबाने हे फार पूर्वी ओळखले होते. वृक्षाला काही आशा असते, तो तोडला तरी पाण्याच्या नुसत्या वासाने पुन्हा फुटतो, असे म्हणून तो लगेच माणसाकडे वळतो आणि विचारतो की मनुष्य मेला तर पुन्हा जिवंत होईल काय? झाड पाहून त्याचे सांत्वन होत नाही, उलट त्याचे दुःख अधिक धारदार होते. मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. प्रेषित पौलही रोमकरांस पत्र लिहिताना सबंध सृष्टी आजवर कण्हत आहे, प्रसूतिवेदना सोसत आहे, असेच म्हणतो. तो तिला आपल्या दुःखावरचे औषध म्हणत नाही, आपल्यासोबत वाट पाहणारी म्हणतो. आईजवळ बसून शब्द न सुचता प्रार्थना करणाऱ्या मला हे वाक्य आधाराचे झाले, कारण पवित्र आत्मादेखील अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे त्याच अध्यायात पुढे आहे.

ईयोबाच्या प्रश्नाचे उत्तर झाडाने दिले नाही. ते रिकाम्या कबरेने दिले, आणि ते सांगताना पौलाने पुन्हा शेताकडेच बोट दाखवले: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आहे, तो निजलेल्यांतले, म्हणजे मरण पावलेल्यांतले, प्रथमफळ, पिकातला पहिला वाटा आहे. गोव्यात राहणाऱ्याला हे समजायला फार कष्ट पडत नाहीत. साष्टीतील राय गावात ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. पाद्री शेतात उतरून विळ्याने नव्या भाताची कणसे कापतात, मिरवणुकीने ती चर्चमध्ये येतात, आशीर्वाद होतो, आणि ती घराघरांत वाटली जातात. आमच्या शेजारच्या हिंदू कुटुंबांतही गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ‘नवें’ साजरे होते. शेतातली नवी कणसे आणून त्यांची पूजा केली जाते.

कॅथलिक रीतीरिवाजात मी वाढले नाही, पण रायच्या फेस्ताला मी गेले तेव्हा वेदीपुढच्या कणसांपेक्षा बाहेरचे शेत मी अधिक वेळ पाहत राहिले. बहुतेक भात अजून हिरवेगार होते. कापणीला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडणार होता. तोवर पाऊस लांबू शकतो, कीड पडू शकते. तरीही पहिले कणीस घरी आले होते, आणि ज्या शेतातून ते आले त्याच शेतातले बाकीचे पीक उभे होते. पुनरुत्थानाविषयी पौल हेच सांगतो: प्रथम ख्रिस्त, मग त्याच्या येण्याच्या वेळी जे त्याचे आहेत ते. आईचा हात पुन्हा उचलला जाईल की नाही हे डॉक्टरांनी सांगितलेले नाही आणि आम्ही त्यासाठी प्रार्थना करणे थांबवलेले नाही. पण ती ज्या शेतात उभी आहे, त्यातले पहिले कणीस कापले गेलेले आहे.