पाकिटामागचा हिशोब तिचा नाही

तळोजा एमआयडीसीतल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी नोकरी करतो. गाडी आली की दोन खोक्यांच्या फटीत थर्मामीटर सरकवायचा. उणे १८ किंवा त्याखाली आकडा दिसला तर माल आत, नाहीतर गाडी तिथेच उभी. अकरा वर्षं हेच करतोय, त्यामुळे फ्रोझन माल चांगला की वाईट हे मी त्या एका आकड्यावरच ठरवत आलो. तो माल लहान मुलाच्या ताटात पडल्यावर काय, हा विचार मनाला शिवलाच नव्हता.

मुलगी साडेचार वर्षांची आहे. पाळणाघरातून तिला घेऊन मी सातला घरी पोचतो, बायकोला बँकेतून यायला साडेआठ होतात. मधल्या वेळेत तिला कडकडून भूक लागते आणि फ्रोझन नगेट्स दहा मिनिटांत होतात. या पावसाळ्यात तिला शी कडक व्हायला लागली. बसली की रडायची. डॉक्टरबाईंनी आठवड्याभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. लिहिल्यावर दिसलं, सात दिवसांत चार वेळा नगेट्स, तीन वेळा फ्रोझन पराठा. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “पाकीट उलटं करून वाचा. आणि तिच्या हिशोबाने वाचा, तुमच्या नाही.”

त्या रात्री ती झोपल्यावर ओट्यावर वजनकाटा ठेवला. पाकिटावर लिहिलं होतं, एक सर्व्हिंग म्हणजे ३ नगेट्स, ६० ग्रॅम, सोडियम २७० मिलीग्रॅम, दिवसाच्या गरजेच्या १४ टक्के. वाचून बरं वाटतं. पण ती खाते सहा. सहा नगेट्स काट्यावर ठेवले, १२२ ग्रॅम भरले. म्हणजे सोडियम साडेपाचशेच्या घरात. आणि ती टक्केवारी प्रौढ माणसाची आहे! आपल्याकडे पाकिटावर टक्के छापताना दिवसाला २००० किलोकॅलरी आणि २००० मिलीग्रॅम सोडियम धरतात. चार ते सहा वर्षांच्या मुलांना आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे १३६० किलोकॅलरी लागतात. मिठाबद्दल ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा या वयाला दिवसाला ३ ग्रॅमची मर्यादा सांगते, म्हणजे सोडियम १२०० मिलीग्रॅम. वर सॉस. आमच्या बाटलीवरच्या आकड्याप्रमाणे एका मोठ्या चमच्याचे दीडशे मिलीग्रॅम. एका बशीत तिच्या दिवसाच्या मर्यादेपैकी निम्म्याहून जास्त संपलं, आणि सकाळचा डबा, वरण, भाजी अजून मोजायचीच होती.

मग घटकांची यादी वाचली. जो घटक वजनाने सर्वात जास्त तो आधी लिहायचा, असा नियम आहे. आमच्या ‘व्हेज’ नगेट्समध्ये आधी बटाटा, मग मैद्याचा ब्रेडचुरा, मग पाम तेल. पुढच्या बाजूला गाजराचं केवढं मोठं चित्र, आणि मागे गाजर ४ टक्के. सहा नगेट्सना पाच ग्रॅमसुद्धा नाही. मी फ्रीजमधलं गाजर काढलं आणि पाच ग्रॅम भरेपर्यंत कापत राहिलो. बोटाच्या जाडीची एक चकती निघाली. ती चकती बशीत ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. आठवड्यातून चार वेळा मी तिला याच भरवशावर ‘भाजी’ खाऊ घालत होतो.

शी मऊ व्हायला डॉक्टरबाईंना तिच्या खाण्यात हवा होता तो चोथा, म्हणजे फायबर. तो छापणं कंपनीवर बंधनकारकच नाही, त्यामुळे बऱ्याच पाकिटांवर नसतो. तेव्हा पराठ्याच्या पाकिटावर पहिला शब्द मैदा आहे की गव्हाचं पीठ, एवढंच आपल्या हातात राहतं. आमच्या पराठ्यावर मैदा होता.

आई मात्र सरसकट म्हणते, “बर्फातलं ते शिळंच.” आई, हे मला पटत नाही, आणि हे मी कामाच्या अनुभवावरून सांगतोय. मटाराचं पाकीट घ्या. घटक एकच, मटार. ना मीठ, ना तेल. गोठवण्याआधी गरम पाण्यातून काढतात, त्यात थोडं क जीवनसत्त्व जातं हे खरं. पण नंतर थंडीच मटाराला टिकवते, वेगळं काही घालावं लागत नाही. शंभर ग्रॅम मटारात प्रथिनं पाच ग्रॅमच्या आसपास, चोथाही जवळजवळ तेवढाच. तिला दिवसाला सोळा ग्रॅम प्रथिनं लागतात. नगेट्सच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला चार लिहिली होती. दोन्ही वस्तू माझ्याच गोदामात एकाच थंडीत, शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात.

आता नगेट्स आठवड्यातून एकदा, आणि तीनच. तळायचे तर अजिबात नाहीत, कारखान्यात एकदा तेलातून निघालेले असतात. तव्यावर झाकण ठेवून आतपर्यंत गरम करतो. चिकनचे असतील तर एक फोडून बघतोच. बाजूला जिऱ्याच्या फोडणीचे मटार, वर लिंबू, वाटीभर दही. सॉसची बाटली वरच्या फळीवर गेली. पहिले तीन दिवस त्यावरून रडारड झाली, चौथ्या दिवशी तिने दह्यात नगेट बुडवला. रविवारी मूगडाळ आणि मटाराच्या टिक्क्या करून आम्हीच डब्यात भरून फ्रीझरला टाकतो. मध्ये बटर पेपर घालायचा, नाहीतर त्यांचा एकच दगड होतो.

पोट आता बरं आहे. काल पाळणाघरातल्या ताईंना म्हटलं, “चारच्या खाऊला काय देता, तेवढं वहीत लिहाल का?” त्यांनी लगेच लिहून दिलं. सोमवारी पोहे, मंगळवारी फ्रेंच फ्राइज आणि सॉस, गुरुवारी पुन्हा फ्राइज. हे माझ्या हिशोबात कुठेच धरलेलं नव्हतं. उद्या लवकर निघून त्यांच्याशी बोलणार आहे. जाताना मटाराचं एक मोठं पाकीट नेतो.